यांनाच का? : बाराव्या गुणसूत्रावरील एका पहारेकऱ्याची ओळख

कल्याणहून कसाऱ्याच्या दिशेने जाणारी लोकल टिटवाळा सोडते आणि पुढे खडवली स्थानकात थांबते. भातसा नदीच्या काठचे हे गाव मुंबई-ठाण्याच्या लोकांना पावसाळी सहलीचे ठिकाण म्हणून परिचित आहे. आमच्या कुटुंबाला ते परिचित आहे ते माझ्या थोरल्या बंधूंमुळे. दादांचे तेथे किराणा मालाचे दुकान होते. पहाटे नदीपर्यंत फेरफटका, आठ वाजता दुकान, सूर्यास्तापूर्वी जेवण आणि रात्री दहाला निद्रा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा क्रम. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कसले व्यसन नाही. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीही साखरेचे पोते सरकवण्यासाठी ते नोकराला हाक मारीत नसत.

२०२१च्या एप्रिल महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, दादा आणि वहिनी एकाच आठवड्यात बाधित झाले. वहिनींना बारा वर्षांपासून मधुमेह असल्याने सर्वांना काळजी होती ती त्यांची. प्रत्यक्षात वहिनींना दोन दिवस ताप आला, आठवडाभर तोंडाची चव गेली आणि त्या बऱ्या झाल्या. दादांचा ताप उतरलाच नाही. सातव्या दिवशी धाप लागली, आठव्या दिवशी त्यांना रुग्णालयात हलवले आणि बाराव्या दिवशी पहाटे निरोप आला. मी डोंबिवलीत होतो. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होत्या. सख्ख्या भावाचे अंत्यदर्शनही मला घडले नाही.

त्यानंतर सांत्वनासाठी येणाऱ्या दूरध्वनींमधून जे ऐकावे लागले, ते वाचकांपैकी अनेकांनी आपापल्या घरी ऐकले असेल. ‘दुकान बंद ठेवायला हवे होते.’ ‘काढा नियमाने घेतला नसेल.’ ‘इतका संयमाने राहणारा माणूस, मग प्रतिकारशक्ती कमी कशी पडली?’ एक-दोघांनी पूर्वसंचिताकडेही बोट दाखवले. बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. मृत्यूला काहीतरी कारण सापडले की माणसाला थोडे सुरक्षित वाटते, एवढेच. परंतु त्या प्रत्येक वाक्यात गेलेल्या माणसावर एक ठपका होता आणि मागे राहिलेल्या बाईवर दुसरा. वहिनी निमूटपणे ऐकून घेत.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस खडवली परिसराचे नाव वृत्तपत्रांत झळकले. खडवलीजवळ, भिवंडी तालुक्यातील सोरगाव येथील मातोश्री वृद्धाश्रमात साठांहून अधिक जण कोरोनाबाधित आढळले होते. त्यांतील बहुतेक वृद्धांनी लशीच्या दोन्ही मात्रा घेतल्या होत्या. अनेकांना आधीपासून काही ना काही व्याधी होती आणि तरीही बऱ्याच जणांमध्ये आजाराचे एकही लक्षण नव्हते. दिवस मोठे धास्तीचे होते. २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या नव्या रूपाला ‘ओमायक्रॉन’ हे नाव दिले होते आणि ४ डिसेंबरला राज्यातील पहिला ओमायक्रॉनबाधित रुग्ण आमच्याच कल्याण-डोंबिवलीत सापडल्याचे जाहीर झाले.

मी खडवलीला गेलो असताना वहिनींनी ती बातमी काढली आणि म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तिथेही काहींच्या हाती नुसता तपासणीचा कागद आला, बाकी काही झालं नाही म्हणे. घर एक, जेवण एक, आजार एक. आमच्या घरीही तसंच होतं ना? मग यांनाच का?’’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर, सारी हयात बँकेत गेलेली. जीवशास्त्राशी संबंध शाळेपुरता. परंतु ताळेबंद जुळला नाही की झोप लागू नये, ही नोकरीतील सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या भाचीच्या मदतीने मी वाचू लागलो. त्या वाचनात ज्याची ओळख झाली, त्याविषयी हा लेख.

पेशीच्या आतील पहारा

शरीरात विषाणू शिरला की प्रतिपिंडे तयार होतात, हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. परंतु नव्या विषाणूविरुद्ध ती पुरेशी तयार होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर किल्ला कोण लढवतो? त्यासाठी आपल्या जन्माबरोबरच मिळालेली एक व्यवस्था असते. तिला जन्मजात प्रतिकारव्यवस्था म्हणतात. तिला शिकवावे लागत नाही आणि ती काही तासांतच कामाला लागते.

या व्यवस्थेचा एक महत्त्वाचा दुवा १९५७ साली उजेडात आला. लंडनमध्ये अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोन संशोधकांच्या असे लक्षात आले की, विषाणूचा स्पर्श झालेल्या कोंबडीच्या अंड्यातील पेशी एक पदार्थ बाहेर सोडतात आणि त्या पदार्थामुळे शेजारच्या पेशी विषाणूला दाद देत नाहीत. विषाणूच्या कामात अडथळा आणणारा म्हणून त्याला ‘इंटरफेरॉन’ असे नाव मिळाले. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारीत नाही. गावात चोर शिरल्यावर एका घराने दिलेली हाक असे त्याचे स्वरूप असते. ती हाक ऐकून शेजारची घरे दारे-खिडक्या लावून घेतात आणि काठ्या हाती घेतात.

या काठ्यांपैकी एक म्हणजे आपला आजचा नायक. त्याचे पूर्ण नाव ‘ऑलिगोअॅडेनिलेट सिंथेटेज-१’, संक्षेपाने ओएएस-१. हे एक विकर आहे, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. ते कसे बनवायचे याचा आराखडा आपल्या बाराव्या गुणसूत्रावर, ओएएस-१ याच नावाच्या जनुकात लिहिलेला आहे. ओएएस-२ आणि ओएएस-३ ही त्याची भावंडेही त्याच गुणसूत्रावर शेजारी शेजारी नांदतात.

हा पहारेकरी काम कसे करतो, हे मला बँकेतील रोखपालाच्या उदाहरणावरून समजले. अनुभवी रोखपाल नोटा मोजताना प्रत्येक नोट वाचत बसत नाही. खोटी नोट बोटांना लागताच त्याचा हात थांबतो. पेशीच्या कारभारात आरएनए नावाच्या रेणूंच्या चिठ्ठ्या सतत फिरत असतात आणि त्या बहुतांशी एकपदरी असतात. कोरोना, डेंग्यू यांसारखे विषाणू स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढू लागले की मात्र लांबच लांब दुपदरी आरएनए तयार होतो. निरोगी पेशीत असा लांब दुपदरी धागा सहसा नसतो. ओएएस-१ हीच खोटी नोट ओळखतो. तोवर स्वस्थ बसलेले हे विकर दुपदरी आरएनएला चिकटताच जागे होते.

जागे झाल्यावर ते एटीपी या रेणूपासून एक छोटा रेणू बनवू लागते. एटीपीला पेशीचे ऊर्जेचे चलन म्हणतात. ते चलन मोडून बनवलेला हा रेणू म्हणजे धोक्याची घंटा. त्याला शास्त्रज्ञ ‘टू-फाइव्ह-ए’ म्हणतात. त्यातील कड्या ज्या पद्धतीने जोडलेल्या असतात तीही नेहमीपेक्षा वेगळी असते. लंडनमधील इयन कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात तो शोधून काढला आणि १९७८ साली त्याची रचना उलगडली. ही घंटा अगदी अल्प प्रमाणात वाजली तरी ‘आरएनेज-एल’ नावाचे दुसरे विकर जागे होते. त्याचे काम एकच, आरएनएचे तुकडे करणे.

येथे एक मर्म आहे. आरएनेज-एल आपले आणि परके असा भेद फारसा करीत नाही. विषाणूच्या आरएनएबरोबर ते पेशीच्या स्वतःच्या चिठ्ठ्याही फाडते. पेशीतील प्रथिनांची निर्मिती ठप्प होते आणि अनेकदा ती पेशी मरून जाते. दरोडेखोर आत शिरल्यावर तिजोरी त्यांच्या हाती लागू नये म्हणून शाखाच बंद करून घ्यावी, तसा हा प्रकार. एक पेशी जाते आणि तिच्या शेजारच्या हजारो वाचतात.

एका अक्षराचे अंतर

आपला आनुवंशिक मजकूर सुमारे तीन अब्ज अक्षरांचा असून त्याची अक्षरे चारच आहेत. आपण त्यांना ए, सी, जी आणि टी म्हणू. दोन माणसांच्या मजकुरात लाखो ठिकाणी अक्षरांचे फरक असतात आणि त्यांतील बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. ओएएस-१ जनुकात मात्र एक जागा अशी आहे, जिथे काही लोकांकडे ‘जी’ असते आणि काहींकडे ‘ए’. भारतातही दोन्ही प्रकार आढळतात.

जनुकातील मजकूर जसाच्या तसा वापरला जात नाही. त्यातील काही भाग कापून काढला जातो आणि उरलेले तुकडे जोडून कामाची प्रत बनते. वरील अक्षर नेमके अशा एका जोडावर येते. तिथे ‘जी’ असेल तर जोड योग्य जागी बसतो आणि विकराचे लांब रूप तयार होते. त्याला पी-४६ म्हणतात. ‘ए’ असेल तर जोड सरकतो आणि मुख्यतः पी-४२ हे आखूड रूप तयार होते. लांब रूपाच्या टोकाला एक खूण असते. पेशी त्या खुणेला स्निग्ध पदार्थाची छोटी शेपटी जोडते आणि त्या शेपटीमुळे विकर पेशीतील पातळ पडद्यांना जाऊन चिकटते. आखूड रूपाला ही शेपटी नसल्याने ते पेशीच्या द्रवात इतस्ततः राहते.

एवढ्याशा शेपटीने काय बिघडते? कोरोना विषाणू आपल्या प्रती उघड्यावर काढत नाही. पेशीतील पडद्यांच्या दुहेरी पिशव्या करून, त्यांच्या आडोशाला तो आपला छापखाना चालवतो. शेपटीवाला पहारेकरी त्याच पडद्यांवर गस्त घालत असल्याने त्याला चोरटा छापखाना सापडतो. बिनशेपटीचा पहारेकरी रस्त्यावर हिंडत राहतो आणि गल्लीतील दार त्याच्या नजरेतून निसटते.

हे केवळ कल्पनाचित्र नाही. २०२०च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथील २०८ अतिदक्षता विभागांतील २,२४४ गंभीर कोरोना रुग्णांच्या आनुवंशिक मजकुराची तुलना इतरांशी केली असता जे थोडे ठिकाणे उठून दिसली, त्यांत बाराव्या गुणसूत्रावरील ओएएस जनुकांचा समूह होता. पुढे २०२१च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे खडवलीच्या त्या बातमीच्या दोनच महिने आधी, ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी शेपटीचे हे कोडे उलगडून दाखवले. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी ज्यांच्याकडे शेपटीवाले रूप नव्हते, त्यांच्यात आजार गंभीर होण्याचे प्रमाण अधिक आढळले. आणखी एक विलक्षण गोष्ट त्यांना दिसली. कोरोनाच्या जातकुळीतील विषाणू ज्यांच्या शरीरात वस्ती करून असतात, त्या नालनाक्या वटवाघळांच्या ओएएस-१मधूनही ही शेपटी नाहीशी झालेली आहे.

या एका अक्षराचे दान कसे पडते, हेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. आई-वडील दोघांकडेही एक ‘जी’ आणि एक ‘ए’ असेल, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही ‘जी’ मिळण्याची शक्यता चारात एक, दोन्ही ‘ए’ मिळण्याची चारात एक आणि एकेक मिळण्याची चारात दोन. म्हणजे एकाच ताटात जेवलेल्या, एकाच संस्कारात वाढलेल्या दोन सख्ख्या भावांच्या वाट्याला वेगवेगळे पहारेकरी येऊ शकतात. त्यात कोणाचे कर्तृत्व नसते आणि कोणाची कसूरही नसते.

पूर्वजांच्या खात्यातील जमा आणि नावे

ही ठेव आपल्यापर्यंत आली कोठून, याचा शोध स्वान्ते पेबो या शास्त्रज्ञांनी आणि ह्यूगो झेबर्ग या त्यांच्या सहकाऱ्याने घेतला. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी लुप्त झालेल्या निअँडरथल मानवाच्या हाडांतून त्याचा आनुवंशिक मजकूर वाचण्याचे काम पेबो यांनी केले असून त्यासाठी त्यांना २०२२चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपले पूर्वज आफ्रिकेबाहेर पडल्यावर निअँडरथलांशी त्यांचा संकर झाला आणि त्या मजकुराचे काही तुकडे आजही आपल्यात आहेत.

२०२१च्या आरंभी या दोघांनी दाखवून दिले की, बाराव्या गुणसूत्रावरील ओएएस जनुकांचा संरक्षक तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे आणि तो असलेल्यांत कोरोनामुळे अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळतो. त्याआधी, २०२० साली, त्यांनीच तिसऱ्या गुणसूत्रावरील निअँडरथलांकडून आलेला दुसरा एक तुकडा दाखवला होता. त्याचा परिणाम उलट, म्हणजे धोका वाढवणारा. आणि तो दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे, सुमारे निम्म्या लोकांत आढळतो. एकाच पूर्वजाच्या खात्यातून एक रक्कम जमेला आली आणि एक नावे पडली. वारसा असाच मिळतो. त्यातील हवे तेवढे घेऊन नको ते परत करण्याची सोय नसते.

पुढील अभ्यासात या कथेला आणखी एक वळण मिळाले. संरक्षण देणारे ते ‘जी’ अक्षर आफ्रिकी वंशाच्या लोकांत मुळापासूनच आहे आणि त्यांनाही त्याचा लाभ होतो, असे २०२२च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे ते अक्षर निअँडरथलांचे खास धन नव्हते. फार जुन्या सामाईक ठेवीतील ती एक नोंद होती. आफ्रिकेबाहेर गेलेल्या आपल्या पूर्वजांच्या शाखेत ती गळाली आणि निअँडरथलांच्या वाटेने पुन्हा खात्यात आली.

पुण्याची प्रयोगशाळा आणि दर वर्षीचा डेंग्यू

कोरोनाची लाट ओसरली म्हणून या पहारेकऱ्याचे काम संपलेले नाही. पावसाळा सरू लागला की कल्याण-डोंबिवलीपासून खडवलीपर्यंत घरोघरी तापाचे रुग्ण दिसू लागतात आणि डेंग्यूचे नाव निघते. डेंग्यूचा विषाणूही आरएनएचाच. डेंग्यू झालेल्या बहुतेकांचा ताप आठवडाभरात उतरतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि प्रकृती चिंताजनक होते. ‘यांनाच का?’ हा प्रश्न येथेही तसाच उभा राहतो.

हा प्रश्न महाराष्ट्रातच विचारला गेला, याचा मला अभिमान वाटला. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने ‘विषाणू संशोधन केंद्र’ या नावाने सुरू झाली. १९७८ साली तिला आजचे नाव मिळाले. विदर्भातील चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू १९६५ साली याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वेगळा केला. कोव्हॅक्सिन लशीसाठी लागलेला विषाणूही येथूनच दिला गेला. या संस्थेतील संशोधकांनी डेंग्यूचे रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्या ओएएस-१, ओएएस-२ आणि ओएएस-३ या तिन्ही जनुकांतील फरक तपासले आणि या जनुकांतील काही फरकांचा डेंग्यूच्या सौम्य वा तीव्र रूपाशी संबंध दिसतो, असे २०१३ साली प्रसिद्ध केले. कोरोनाची साथ येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

उंदरांवरील एक जुने निरीक्षणही येथे नोंदवावेसे वाटते. डेंग्यूच्याच कुळातील वेस्ट नाइल विषाणूने प्रयोगशाळेत वाढवलेले उंदीर पटापट दगावत, तर रानातून आणलेल्या काही उंदरांना फारसे काही होत नसे. त्याचे कारण २००२ साली सापडले. प्रयोगशाळेतील उंदरांच्या याच कुळातील एका जनुकात एकच अक्षर बदललेले होते आणि त्या बदलामुळे विकर अर्धवटच तयार होत होते.

थोडे फार चुकते, फार तर फारच चुकते

एवढे वाचल्यावर कोणाच्याही मनात येईल की, हा पहारेकरी जितका तगडा तितके चांगले. तसे नाही. ज्या बालकांत ओएएस-१ काही दुर्मीळ बदलांमुळे कारण नसताना जागा राहतो, त्यांना तान्हेपणीच फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. दुसऱ्या टोकाला, कोरोना होऊन गेल्यावर काही मुलांच्या सर्वांगात दाह उसळत असे, ते पालकांना आठवत असेल. अशा पाच मुलांमध्ये ओएएस-१, ओएएस-२ किंवा आरएनेज-एल यांपैकी एक विकर जन्मतःच निकामी असल्याचे २०२३ साली दाखवण्यात आले. घंटा सतत वाजत राहिली तरी अनर्थ आणि मुळीच वाजली नाही तरी अनर्थ.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगत विकल्या जाणाऱ्या गोळ्या, चूर्णे आणि अर्क यांच्याकडे वाचकांनी जरा चिकित्सक दृष्टीने पाहावे, अशी विनंती आहे. प्रतिकारशक्ती ही एक रक्कम नसून अनेक विभागांचा कारभार आहे. तिची बेरीज करून ‘वाढली’ किंवा ‘कमी पडली’ असे म्हणता येत नाही. ओएएस-१मधील अक्षर कोणत्याही काढ्याने बदलत नाही. इंटरफेरॉन बाहेरून टोचण्याचा प्रयोगही जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयात दाखल झालेल्या कोरोना रुग्णांवर करून पाहिला. त्याचा लाभ दिसला नाही. हाकेला महत्त्व असते ते चोर दारात असताना.

आपल्या हाती जे आहे ते साधे आहे. लस वेळेवर घेणे. घराभोवती, कुंड्यांखाली, झाकण नसलेल्या टाक्यांत पाणी साचू न देणे, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. डेंग्यूची शंका असलेल्या तापात अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मनाने न घेणे. आणि ताप उतरला तरी पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा विलक्षण थकवा जाणवल्यास त्वरित डॉक्टरांकडे जाणे. डेंग्यूत धोक्याचे दिवस पुष्कळदा ताप उतरताना येतात.

वहिनींना दिलेले उत्तर

या वाचनाला दोन वर्षे लागली. त्यानंतर एका रविवारी मी खडवलीला गेलो. दुकान आता पुतण्या सांभाळतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना वहिनींना मी हे सारे सांगितले. खोटी नोट, घंटा, शेपटी, एक अक्षर. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘‘म्हणजे यांच्याकडे ते अक्षर नव्हतं?’’

येथे मला खरे बोलणे भाग होते. दादांची अशी तपासणी कोणी केलेली नाही. वृद्धाश्रमातील त्या ज्येष्ठांचीही झाल्याचे माझ्या वाचनात नाही. त्या दिवसांत ‘जनुकीय तपासणी’ म्हणून वृत्तपत्रांत जे येत होते, ती विषाणूच्या मजकुराची तपासणी होती, रुग्णाच्या नव्हे. शिवाय एका अक्षराने माणसाचे भवितव्य ठरत नाही. कोरोनात सर्वांत मोठा धोका वयाचा होता. त्याच्या जोडीला इतर व्याधी, शरीरात शिरलेल्या विषाणूचे प्रमाण, उपचारांची वेळ आणि ओएएस-१सारखी कितीतरी जनुके. वृद्धाश्रमातील अनेकांना त्रास झाला नाही, त्यात लशीचा वाटा मोठा असणार. मी त्यांना बँकेतले उदाहरण दिले. एखाद्या शाखेची थकबाकी किती टक्के आहे हे ठाऊक असले, तरी समोर बसलेला कर्जदार हप्ता भरील की चुकवील, हे त्यावरून सांगता येत नाही. ‘२२ टक्के’ हा आकडा हजारोंच्या समूहाविषयी बोलतो. दादांविषयी तो काहीच सांगत नाही.

‘‘मग तुम्ही मला सांगितलंत काय?’’ वहिनींनी विचारले.

मी म्हणालो, ‘‘एवढंच, की आजार एक असला तरी त्याला सामोरी जाणारी शरीरं एक नसतात. त्यांतला फरक जन्माच्या आधी लिहिला गेलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दादांनी दुकान उघडं ठेवलं ते गावाला धान्य मिळावं म्हणून. ते नियमानं राहिले ते चांगलंच केलं. पण नियम पाळणारा माणूस गेला म्हणून तो कुठेतरी चुकला असला पाहिजे, हा हिशेब खोटा आहे. आणि तुम्ही वाचलात, त्यातही तुमचा काही दोष नाही.’’

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तेवढ्यात एक मुलगी साबण घ्यायला आली. पुतण्या आत जेवत होता. वहिनींनी उठून तिला साबण दिला, सुटे पैसे मोजून हातावर ठेवले आणि परत येऊन बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘तुमच्या भाचीला सांगा, हे सगळं सोप्या मराठीत लिहून काढ म्हणावं. फोन करणाऱ्या पुष्कळ जणांना वाचायला देता येईल.’’

भाचीला वेळ मिळाला नाही. म्हणून हे काम मी केले.